झिपचा पासवर्ड विसरला, म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही

प्रश्न : वडिलांनी १८ सप्टेंबर २०२३ रोजी एका परिचितांना ६ लाख रुपये हातउसने दिले. ४ लाख आरटीजीएसने, २ लाख रोख. वचनचिठ्ठी लिहून घेतली होती. आता वडील नाहीत आणि मूळ कागद घरात सापडत नाही. त्यांच्या पेन ड्राइव्हवर 'उसनवारी' नावाची झिप फाइल आहे, पण पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. समोरचे म्हणतात, 'पासवर्ड फोडलात तर सायबर गुन्हा दाखल करीन.' आई, बहीण आणि मी असे तिघे वारस आहोत. काय करावे?

उत्तर : पासवर्डची वाट पाहत बसू नका, आधी दावा दाखल करा. उसन्या पैशांच्या वसुलीची मुदत पैसे दिल्यापासून ३ वर्षांची. म्हणजे १८ सप्टेंबर २०२६ हा शेवटचा दिवस, तोही ऐन गणपतीत. कुलूप उघडत नव्हते, हे कारण कोर्टात चालत नाही. 'दिवाळीनंतर देतो' अशा व्हॉट्सअॅप मेसेजने मुदत वाढली, असे धरूनही चालू नका. तो मेसेज पुरावा म्हणून जपा, एवढेच.

४ लाखांसाठी तर झिपची गरजच नाही. बँकेकडून वडिलांच्या खात्याच्या उताऱ्याची, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ प्रमाणे प्रमाणित केलेली प्रत घ्या. वादपत्रासोबतच्या दस्तऐवजांच्या यादीत झिप फाइलही नोंदवा : पेन ड्राइव्ह कुणाच्या ताब्यात आहे, फाइल कुलूपबंद आहे, आत कोणत्या नावांच्या फाइली दिसतात. साध्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावे, तारखा आणि आकार पासवर्डशिवायही दिसतात. आतला मजकूर नंतर हाती आला की कोर्टाच्या परवानगीने तो दाखल करता येतो.

तिघांनीही वादी व्हा. उत्तराधिकार प्रमाणपत्राचा, म्हणजे मृताचे येणे वसूल करण्याचा वारसांचा हक्क दाखवणाऱ्या कोर्टाच्या दाखल्याचा, अर्ज आजच टाका. दावा त्याशिवाय दाखल होतो, पण भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१४ मुळे ऋणकोविरुद्ध (कर्ज घेणाऱ्याविरुद्ध) हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा निकाल, त्याशिवाय मिळत नाही. सातबाऱ्यावरची वारस नोंद इथे पुरत नाही.

आता धमकीचे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीविना केलेल्या शिरकावाबद्दल आहे आणि कलम ६६ लागायला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. पेन ड्राइव्ह वडिलांचा, म्हणजे आता तुम्हा तिघांचा. आई आणि बहिणीची लेखी संमती घेऊन ठेवा. मात्र याच जोरावर वडिलांच्या ईमेलमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये शिरू नका. ते सर्व्हर दुसऱ्याचे आहेत.

उघडण्याआधी फाइलचा ठसा घ्या. सेव्हन-झिप हा झिप फाइली हाताळणारा प्रोग्रॅम संगणकावर बसवलेला असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ निवडा. ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, येतो, तो तारखेसह लिहून ठेवा. पेन ड्राइव्ह पाकिटात सीलबंद करा आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करा. मूळ झिपमध्ये काही बदल होऊन ती पुन्हा सेव्ह झाली, तर हॅश बदलतो आणि उलटतपासणीत तेच समोर येते.

मग सेव्हन-झिपमध्ये फाइल उघडून 'मेथड' हा रकाना बघा. कुलूप कोणत्या पद्धतीचे आहे, ते तिथे कळते. झिपक्रिप्टो असेल तर नशीब चांगले. ही जुनी पद्धत कच्ची आहे. आतली एखादी फाइल लॅपटॉपवर उघड्या रूपात सापडली, तर तिच्या मदतीने बीकेक्रॅकसारखे साधन पासवर्डशिवायही कुलूप काढू शकते. अपयश बहुधा एका कारणाने येते : ती फाइल वडिलांनी वापरली त्याच प्रोग्रॅमने आणि त्याच कॉम्प्रेशनने झिप केलेली नसते, त्यामुळे बाइट जुळत नाहीत. रकान्यात एईएस-२५६ ही भक्कम पद्धत असेल तर ही वाट बंद. अंदाज करणे एवढेच उरते. पासवर्ड जन्मतारखेसारखा असेल तर १०० वर्षांच्या मिळून जेमतेम ३६,५२५ तारखा होतात, साधा संगणकही त्या पटकन संपवतो. आठ लहान इंग्रजी अक्षरे कशीही जुळवलेली असतील तर शक्यता २०,८८२ कोटींच्या घरात जातात. म्हणून आधी आईसोबत बसा आणि गावाचे नाव, कुलदैवत, जुन्या स्कूटरचा नंबर, नातवंडांची नावे यांची यादी करा. शेवटी @१२३ लावायची सवय अनेकांना असते. पासवर्ड देवनागरीत टंकलेला असू शकतो, हेही तपासा. 'मोफत अनलॉक' करून देणाऱ्या संकेतस्थळावर फाइल चढवू नका; ती कुणाकडे गेली, हे कोर्टात सांगता येणार नाही.

घरी जमले नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०-अ खाली तज्ज्ञ आयुक्त नेमण्याचा अर्ज द्या. खर्च बहुधा तुम्हालाच भरावा लागेल.

फाइल उघडली तरी हाती वचनचिठ्ठीचे स्कॅन येणार, मूळ कागद नव्हे. त्यामुळे दोन पायऱ्या चढाव्या लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, दोन्हींत हॅश. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या कायद्याखाली, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते. शिवाय मूळ कागद हरवल्याचे कलम ६० खाली शपथेवर सांगून सिद्ध करावे लागेल.

आणि स्कॅन दिसताच आधी वचनचिठ्ठीवरचा रेव्हेन्यू स्टँप बघा. तो नसेल किंवा अपुरा असेल, तर वचनचिठ्ठी नंतर दंड भरूनही पुराव्यात येत नाही, तिची प्रतही नाही. म्हणूनच दाव्याचा पाया पहिल्यापासून मूळ उसनवारीवर ठेवा, चिठ्ठीवर नाही. रोख २ लाखांना मात्र साक्षीदार शोधा. एवढी रोख उसनवारी स्वीकारल्याबद्दलचा आयकराचा दंड घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नाही.