खोबण्या पाडलेल्या पीडीएमएसवरून मायोट्यूबचा थर सुटतोय

तुम्ही लिहिलंय की प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन फायब्रोनेक्टिन (पेशींना धरायला आधार देणारं प्रथिन) लावलेल्या पीडीएमएसवर (हे एक सिलिकॉन रबर) सी२सी१२ पेशी (उंदराच्या स्नायूपूर्व पेशी) खोबण्यांच्या दिशेने छान रांगेत वाढल्या, पण डिफरन्सिएशन मीडियम (पेशींना स्नायूतंतू व्हायला लावणारं द्रावण) घातल्यावर आठवड्याभरात अख्खा थर कडेपासून गुंडाळत वर आला. प्लाझ्माचा वेळ वाढवू का, असं विचारलंत.

अजिबात वाढवू नका. जास्त प्लाझ्माने पीडीएमएसवर काचेसारखी ठिसूळ साय येते, तिला बारीक तडे जातात, आणि मग पेशींना दिशा खोबणीने दिली की तड्याने, हे सांगता येत नाही.

पेशी मुळात पीडीएमएसला धरतच नाही. तिचे इन्टिग्रिन (पेशीच्या पृष्ठभागावरची पकडणारी प्रथिनं) फायब्रोनेक्टिनमधल्या आरजीडी या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याला धरतात, आणि ती पकड पक्की असते. कच्चं आहे ते त्याखालचं: फायब्रोनेक्टिन पीडीएमएसवर नुसतं बसलंय, रासायनिक बंध नाही. त्यात पीडीएमएसमधले सुटे लहान रेणू हळूहळू वर येतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकू लागतो. मायोब्लास्ट (स्नायूपूर्व पेशी) सुट्या असतात तोवर हे निभावतं. त्या जुळून मायोट्यूब (लांब स्नायूतंतू) झाल्या की ओढ वाढते, आणि तुमच्या खोबण्यांमुळे ती सगळी एकाच रेषेत येते. म्हणून थर कडेपासून सुटतो. (टोकियोत ओकानो यांच्या गटाने थर सुटणं मुद्दाम घडवून आणलं, त्यांचं पॉलिमर ३२ अंशांखाली पाणी शोषून फुगतं आणि पेशींची अखंड चादर उचलता येते. फार सुंदर काम आहे, जरूर वाचा.)

माझा सल्ला, पीडीएमएस आणि फायब्रोनेक्टिनच्या मध्ये पॉलिडोपामाइनचा (डोपामाइनपासून बनणाऱ्या चिकट लेपाचा) थर द्या. मेसरस्मिथ यांच्या गटाने २००७ मध्ये दिलेली कृतीच वापरा: १० मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ८.५, त्यात दर मिलीला २ मिग्रॅ डोपामाइन हायड्रोक्लोराइड, ऐन वेळी विरघळवलेलं. द्रावण तपकिरी होत काळपट झालं की काम चालू आहे. त्याआधी थोडा वेळ प्लाझ्मा द्याच, नाहीतर खोबण्यांत हवा अडकते आणि तळाला थर बसत नाही. नमुना पालथा तरंगत ठेवा, म्हणजे काळे कण त्यावर साचणार नाहीत. थर नॅनोमीटरांत असल्यामुळे मायक्रॉनच्या खोबण्या बुजत नाहीत. भरपूर धुऊन मग फायब्रोनेक्टिन लावा. आता त्याचे अमाइन गट थराशी बंध जोडतात.

सपाट पीडीएमएसवर हेच सगळं करून सोबत ठेवा. तिथेही पेशींचा थर सुटला तर दोष खोबण्यांचा नाही, लेपाचा आहे. मग एपीटीईएस (पृष्ठभागावर अमाइन गट बसवणारं रसायन) आणि ग्लुटरल्डिहाइडकडे (त्या गटांना प्रथिन जोडणाऱ्या रसायनाकडे) वळा, पण ग्लुटरल्डिहाइड उरलं तर पेशी मरतात, तेव्हा धुण्यात कसर नको.

खोबण्यांची रुंदी आणि खोली तुम्ही दिलेली नाही, ती कळवा.