केंद्राचा नवा भाडेकरू कायदा सरकारी साइटवर सापडत नाही. देशाचे कायदे ऑनलाइन नेमके कुठे आणि कसे शोधायचे?

व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजमध्ये म्हटलंय की केंद्राच्या नव्या कायद्यानुसार दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. घरमालक त्याहून बरीच जास्त मागतोय आणि तुम्हाला मूळ कायदा काही केल्या मिळत नाही. तो मिळणार नाही, कारण संसदेने असा कायदा केलेलाच नाही. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो 'आदर्श भाडेकरू कायदा', म्हणजे राज्यांनी वापरावा म्हणून तयार केलेला नमुना. दोन महिन्यांची मर्यादा त्यात आहे, पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ती कुणावर बंधनकारक नाही.

मी फोर्टमध्ये एका वकिलांकडे कायदे आणि निकाल शोधून देण्याचं काम करते. तिथे पहिला प्रश्न असतो, हा विषय संसदेचा की विधिमंडळाचा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. घरमालक-भाडेकरू संबंधांचा उल्लेख राज्यसूचीच्या १८व्या नोंदीत आहे. म्हणजे तुम्हाला महाराष्ट्राचाच कायदा शोधायचाय.

त्यासाठी 'इंडिया कोड' ही साइट उघडा. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाची आहे, फुकट आहे आणि तिच्यावर केंद्राबरोबर राज्यांचेही कायदे आहेत. महाराष्ट्र निवडा आणि 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' काढा. नावाने शोधताना एक अडचण येते: आपल्या राज्याच्या अनेक जुन्या कायद्यांच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे. एका नावाने काही मिळालं नाही तर दुसऱ्या नावाने बघा.

भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ तुम्ही स्वतः वाचाच. भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी व्हायला हवी. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम इतकी वर्षं आपल्या बाजूने उभं आहे आणि लोक मात्र फॉरवर्डच्या भरवशावर भांडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायद्याचा मजकूर मिळाला म्हणजे काम संपलं, असं नाही. तो आज लागू आहे का, हे बघणं जास्त कष्टाचं. त्यासाठी कलम १ वगळू नका. लोक ते ओलांडून पुढे जातात, पण कायदा कुठे लागू आणि कधीपासून, हे तिथेच लिहिलेलं असतं. भारतीय न्याय संहिता घ्या. २५ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पण ती लागू झाली १ जुलै २०२४ पासून. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारं कलम १०६(२) तर त्या तारखेलाही बाजूलाच ठेवलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि मुंबईत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तो याच कलमावरून. संहितेच्या छापील प्रतीत हे पोटकलम इतर कलमांसारखंच दिसतं. ते लागू झालेलं नाही, हे कळतं फक्त अधिसूचनेतून.

केंद्राच्या अधिसूचना भारताच्या ई-राजपत्रात मिळतात, राज्याच्या महाराष्ट्र शासन राजपत्रात. पानाखालच्या तळटीपाही वाचा. कोणत्या दुरुस्तीने कोणते शब्द बदलले आणि कधीपासून, हे तिथे असतं. शासन निर्णय म्हणजे जीआर, ते वेगळ्या साइटवर असतात. जीआर उपयोगी असतो, पण त्याने कायदा बदलत नाही. तसंच विधेयकाचं. बातमीत 'नवा कायदा' असं छापून येतं तेव्हा पुष्कळदा ते फक्त सभागृहात मांडलेलं असतं. केंद्राचं विधेयक कुठवर आलंय ते संसदेच्या साइटवर किंवा पीआरएस या संशोधन संस्थेच्या साइटवर दिसतं.

शेवटी न्यायालय. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ६६अ त्यांना लावलं होतं. त्या अटकेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते कलमच रद्द ठरवलं. तरीही पुढे कित्येक वर्षं त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते आणि २०२१ मध्ये न्यायालयाला पुन्हा त्याची दखल घ्यावी लागली. म्हणून हातातलं कलम आणि कायद्याचं नाव 'इंडियन कानून' या न्यायालयांचे निकाल शोधायच्या साइटवर टाका, निकाल ताज्याकडून जुन्याकडे लावा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे वेगळे काढून वाचा. तुमच्या बाबतीत ते कलम आहे ५५. अनामतीचा आकडा ठरेल तो वाटाघाटीतच, पण ठरलेला आकडा आणि तो परत करण्याची मुदत नोंदणीकृत करारात लिहून घ्या.