रिनोनंतरची ती आरोळी

प्रश्न : मुलीकडे सॅक्रामेंटोला गेलो असताना जुन्या वस्तूंच्या दुकानात अमेरिकन गायक जॉनी कॅश यांची ‘अ‍ॅट फॉल्सम प्रिझन’ ही फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर झालेल्या मैफलीची एलपी रेकॉर्ड १२ डॉलरना मिळाली. ती पहिल्या छपाईची आहे का, हे कसे ओळखावे? तिच्यातल्या कैद्यांच्या आरोळ्या मागाहून स्टुडिओत घातल्या असेही कानावर आले. तसे असेल तर तिला थेट मैफलीची रेकॉर्ड का म्हणायचे? शिवाय दुसरी बाजू फार खरखरते. एक स्नेही स्पिरिटने पुसा म्हणतात. पुसू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी मधले लाल लेबल पाहावे. त्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत ‘३६० साउंड’ असे छापलेले असेल आणि क्रमांक सीएस ९६३९ असेल, तर आपली प्रत १९६८ ते १९७० या काळातली आहे. १९७०पासून कोलंबिया कंपनीने लेबल बदलले आणि काठाने सोनेरी अक्षरांत कंपनीचे नाव फिरवले. तसे लेबल म्हणजे नंतरची छपाई. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली ‘१ए’, ‘१सी’ अशी साच्याची अक्षरे पाहून काही संग्राहक पहिल्या छपाईच्या पैजा लावतात, पण त्यात फारसा अर्थ नाही, कारण पिटमन, टेर होट आणि सांता मारिया या तीन गावांतल्या कारखान्यांत रेकॉर्डी निघत आणि त्यांना वेगवेगळे साचे जात. ही रेकॉर्ड लाखांनी खपली असल्यामुळे ती दुर्मीळ नाही. किंमत ठरते ती प्रतीच्या अवस्थेवर.

आरोळ्यांबद्दल आपण ऐकले ते एका जागेपुरते खरे आहे. १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात सकाळी ९:४० आणि दुपारी १२:४० असे दोन कार्यक्रम झाले. पहिल्याच गाण्यात, रिनो गावात एका माणसाला निव्वळ तो मरताना पाहावा म्हणून गोळी घातली, अशी ओळ येते आणि तिच्यावर एक कैदी आनंदाने ओरडल्याचे ऐकू येते. मूळ फितीवर त्या जागी असे काही नाही. पहारेकऱ्यांच्या देखत तुरुंगाविषयीच्या शब्दांना दाद देणे कैद्यांना परवडणारे नव्हते, त्यामुळे ती आरोळी संपादनाच्या वेळी तिथे बसवण्यात आली. सुरुवातीची शांतताही योजलेलीच होती. कॅश ‘हॅलो, आयॅम जॉनी कॅश’ असे स्वतःचे नाव सांगेपर्यंत कोणी आवाज करू नये, अशी सूचना निवेदकाने आधीच देऊन ठेवली होती, आणि म्हणूनच त्या चार शब्दांनंतरचा गजर एवढा अंगावर येतो.

एवढे असूनही मी हिला थेट मैफलच म्हणेन. गाणे आणि वाजवणे तिथलेच आहे. दुपारच्या कार्यक्रमातली दोनच गाणी घेतली, बाकी सारे सकाळचे. खाणकामगारांवरच्या गाण्यात कॅश यांना मध्येच हसू फुटते, तेही ठेवले आहे. गाण्यांच्या मधल्या जागेत तुरुंगाचा ध्वनिक्षेपक कैद्यांना नावाने नव्हे, तर क्रमांकाने बोलावतो. असले कोणी स्टुडिओत रचत नाही. मला स्वतःला त्या बसवलेल्या आरोळीपेक्षा हा रुक्ष पुकारा अधिक लक्षात राहतो.

आता खरखरीकडे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. ‘टक्’ असा आवाज नेमका तेवढ्याच अंतराने येत असेल तर तो ओरखडा आहे आणि कोणत्याही धुण्याने तो जाणार नाही. आवाज अनियमित, तळणीसारखा असेल तर धूळ समजावी. बाजारातले रंगीत स्पिरिट मात्र वापरू नये, कारण त्यात काय मिसळलेले असते याचा भरवसा नसतो. आणि घरात लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांच्याजवळही ते नेऊ नये, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवत, मऊ कापडाने रेषांच्या दिशेने गोल पुसावे, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसून उभी ठेवून वाळवावी.

प्लेअरची सुईही तपासून घ्यावी. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीचा) रेकॉर्डवरचा दाब पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो, तर चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे ग्लेन शर्ली या कैद्याचे आहे. कॅश यांनी ते आदल्या रात्री बसवले आणि दुसऱ्या दिवशी शर्ली पुढच्याच रांगेत बसून ते ऐकत होते. हे गाणे केंद्राच्या अगदी जवळ कोरलेले आहे आणि तिथे सुईखालून रेषा सावकाश सरकत असल्याने आवाज थोडा फाटतोच. तेवढ्यासाठी रेकॉर्ड पुन्हा धुवायला घेऊ नये.