साटा डिस्कवरचं डेबियन (लिनक्स) नव्या एनव्हीएमई एसएसडीवर क्लोन केलं. बूट इनिट्रॅमएफएस (खरी डिस्क माउंट होण्याआधी चालणारी छोटी सिस्टिम इमेज) प्रॉम्प्टवरच थांबतं. डिस्क खराब आहे का?

बहुतेक नाही, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात डिस्क परत करायला धावू नका. प्रॉम्प्टवर 'एलएस /डेव्ह' करून बघा. 'एनव्हीएमई०एन१' दिसत नसेल तर ड्रायव्हरच इनिट्रॅमएफएस इमेजमध्ये नाही: 'इनिट्रॅमएफएस.कॉन्फ'मध्ये 'मॉड्यूल्स=डेप' असेल, म्हणजे फक्त जुन्या मशीनपुरते ड्रायव्हर भरलेत. लाइव्ह यूएसबीवरून रूट आणि बूट माउंट करा, डेव्ह-प्रॉक-सिस बाइंड करून क्रूट करा (म्हणजे क्लोन केलेल्या सिस्टिमच्या आत शिरा), त्या फाइलीत 'डेप'च्या जागी 'मोस्ट' लिहा आणि इमेज नव्याने बनवायला 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल' चालवा. बूट पार्टिशन छोटं असेल तर आधी जुने कर्नल काढा, इमेज चांगलीच फुगते. मात्र 'मोस्ट'ने फक्त ड्रायव्हर येतात. रूट रेडवर (अनेक डिस्क जोडून) असेल तर एमडीएडीएम, एलव्हीएमवर (लवचीक पार्टिशन) असेल तर एलव्हीएम२, लक्सने एन्क्रिप्ट असेल तर क्रिप्टसेटअप-इनिट्रॅमएफएस हे पॅकेज लागतंच. लाइव्ह यूएसबीवरून लक्स उघडताना नाव क्रिप्टटॅबमधलंच (एन्क्रिप्टेड डिस्कची यादी असलेली फाइल) द्या. लोक नेमके इथेच फसतात.