एचटीबीमध्ये (लिनक्समध्ये नेटवर्कचा वेग वेगवेगळ्या क्लासमध्ये वाटून देणारी व्यवस्था) चाइल्ड क्लासचा बर्स्ट वाढवला की क्षणभर भरपूर वेग मिळतो आणि मग बाकीचे क्लास अडकतात, असं का?

तुमच्याकडे पेरेंटला (वरच्या क्लासला) रेट, म्हणजे हमीचा वेग, 10 मेगाबिट, खाली चार चाइल्ड, सगळ्यांना सील, म्हणजे कमाल वेग, 10, तिघांना रेट 2 आणि एकेक मेगाबाइट बर्स्ट, चौथा व्हॉइसचा, आणि पेरेंटला बर्स्ट दिलेलाच नाही. तुमच्यासारखंच कॉन्फिगरेशन मी आधीच्या नोकरीत पाहिलंय आणि त्यावरून भांडलोही आहे, म्हणून लिहितोय.

बर्स्ट म्हणजे जादा वेग, हे आधी डोक्यातून काढा. क्लास आपल्या रेटपेक्षा कमी वापरत असताना टोकन, म्हणजे पाठवण्याची परवानगी, साठतात, त्या साठ्याची कमाल मर्यादा म्हणजे बर्स्ट. साठा असेपर्यंत क्लास सीलच्या वेगाने स्वतःच्या हक्काने पाठवतो, पेरेंटला विचारतसुद्धा नाही. साठा संपला की पेरेंटकडे उसनं मागायला जातो. दोन्ही वेळा वेग सीलचाच दिसतो, म्हणून नुसता ग्राफ बघून हा फरक कधीच कळणार नाही.

आता तुमचेच आकडे घ्या. एक मेगाबाइट म्हणजे साधारण 8 मेगाबिट, आणि 10 ने पाठवताना 2 ने भर पडते, म्हणजे साठा सेकंदभर पुरतो. तिघे एकदम उठले तर त्या सेकंदात 30 मेगाबिट बाहेर पडतात. पेरेंटचे टोकन 20 मेगाबिटने उणे होतात. पुढे ते तिघे आपापले 2 वापरतच राहिले, तर कर्ज फेडायला सेकंदाला फक्त 4 उरतात. म्हणजे पाचेक सेकंद कुणालाच उसनं मिळत नाही, आणि ज्याचा रेट लहान ठेवून सगळी भिस्त उसनवारीवर आहे तो क्लास मरतो.

आमच्याकडे तो क्लास व्हॉइसचाच होता. कॉल मध्येच तुटायचे, थोड्या वेळाने आपोआप ठीक व्हायचे. आमचे वरिष्ठ म्हणाले, व्हॉइसचाही बर्स्ट वाढवा. मी म्हटलं, पेरेंट बघा. त्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं की रांग फक्त लीफ, म्हणजे सर्वांत खालच्या, क्लासला असते, पेरेंटमधून एक पॅकेटसुद्धा जात नाही, मग त्याला बर्स्ट कशाला हवा? रांग लीफलाच असते हे खरं, पण लीफमधून गेलेलं प्रत्येक पॅकेट वरच्या प्रत्येक पेरेंटच्या नावावर मांडलं जातं. कॉल तुटत असतानाच मी टीसीचं (हे सगळं लावणारी लिनक्सची कमांड) क्लासचं आउटपुट त्यांच्यासमोर ठेवलं. पेरेंटचे टोकन खोल उणे होते. ते म्हणाले, या काउंटरवर विश्वास ठेवू नये. एचटीबी लिहिणाऱ्या मार्टिन देवेरा यांच्या मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलंय: पेरेंटचा बर्स्ट चाइल्डपेक्षा लहान असेल तर पेरेंट अधूनमधून अडकतो, आणि ही उणे बाकी एक मिनिटापर्यंत लक्षात ठेवली जाते. तेही पान दाखवलं. काही फरक पडला नाही.

शेवटी मी चाइल्डचे बर्स्ट 15 किलोबाइटवर आणले आणि व्हॉइसला त्याच्या खऱ्या गरजेइतका रेट दिला. कॉल तुटायचे थांबले. अहवालात मात्र लिहिलं गेलं की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने लाइन दुरुस्त केली. ते मला अजून खटकतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्याला तातडी आहे त्याला रेट द्या, उसनवारीच्या भरवशावर सोडू नका. पेरेंटचा बर्स्ट आणि सीबर्स्ट (सीलसाठीचा तसाच साठा) सर्वांत मोठ्या चाइल्डइतका तरी ठेवा. बर्स्ट दिला नाही तर टीसी स्वतःहून जो धरतं तो जेमतेम एका पॅकेटचा, 1600 बाइटांच्या आसपास असतो. पण नुसता पेरेंटचा बर्स्ट वाढवून भागणार नाही: चाइल्डने हक्काने सोडलेले ते 30 मेगाबिट पेरेंट अडवतच नाही, ते मोडेमच्या बफरमध्ये जाऊन बसतात. मोठे बर्स्ट देणाऱ्यांना हे कळत नाही, आणि सांगितलं तरी ऐकायचं नसतं.

बर्स्ट नेमका किती, हे तुमच्या ट्रॅफिकवर आहे. वेबपेजसारख्या तुटक ट्रॅफिकला थोडा बर्स्ट खरंच उपयोगी पडतो, शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. कर्नलमध्ये हाय-रिझोल्यूशन टायमर नसेल आणि एचझेड (कर्नलच्या टायमरचे सेकंदाला ठोके) 100 असेल, तर 10 मेगाबिटला साडेबारा किलोबाइटच्या खाली जाऊच नका, रेटच गाठला जाणार नाही. टीएसओ (मोठं पॅकेट तोडण्याचं काम नेटवर्क कार्डवर सोपवणं) चालू असेल तर 64 किलोबाइटपर्यंतचं एकच पॅकेट येऊ शकतं, मग लहान बर्स्टचा हिशेब चुकतो. आउटपुटमधले टोकनचे आकडे बाइट समजू नका, ते वेळेत मोजलेले असतात; चिन्ह उणे आहे का एवढंच बघा. आणि लीफवर काही लावलं नसेल तर तिथे सहसा 1000 पॅकेटची साधी रांग असते, 4 मेगाबिटला ती एकटीच तीन सेकंदांचा उशीर करू शकते. तिथे एफक्यू-कोडेल (उशीर कमी ठेवणारी रांग) लावा आणि मगच बर्स्टला हात घाला.