बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडला, तरी मिसुरीतले शिकारी थांबून का राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी कॅन्सस सिटीला नुकते आलात, ऑफिसातला एक सहकारी बदकांच्या शिकारीला नेतो म्हणाला, हंगाम उघडला, आणि आता तो दर शुक्रवारी "पक्षी अजून खाली आले नाहीत, थांब" एवढंच सांगतोय. तो टाळतोय का? आणि न्यायला आलाच तर जावं का?

टाळत नाहीये. तो रोज रात्री झोपण्याआधी नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्कचं हवामान बघत असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. इथले मुरलेले शिकारी ऑक्टोबर संपत आला की तेच करतात.

मी कोलंबियात राहतो, म्हणजे मिसुरीच्या साधारण मधोमध. बंदूक चालवत नाही. पण आमचे शेजारी जन्मभर या पाण्यावर शिकार करत आलेत आणि त्यांच्याबरोबर मी दुर्बीण घेऊन जातो. पक्ष्यांबद्दल मला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे.

सगळी बदकं एका वेळी येत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. निळ्या पंखांचा टील दिवस लहान व्हायला लागला की निघतो. थंडी असो वा नसो, सप्टेंबरात तो मिसुरीवरून जातो आणि पार दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचतो. म्हणून टीलसाठी सप्टेंबरात वेगळा छोटा हंगाम ठेवलेला असतो. मागोमाग पिनटेल, गॅडवॉल, थापट्या. (थापट्या म्हणजे हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरला दिसतो तोच, पसरट चोचीचा. तिकडे तो उत्तर आशियातून उतरतो, इकडे कॅनडाच्या बाजूने.)

सहकारी ज्याची वाट बघतोय तो मात्र मॅलार्ड. पाणी उघडं आहे आणि पोटाला मिळतंय तोवर मॅलार्ड उत्तरेतच मुक्काम ठोकतो. जितक्या उत्तरेला हिवाळा निघेल तितकी परतीची वाट कमी, आणि वसंतात घरट्याची चांगली जागा लवकर हाती लागते. सुखाची जागा उगाच सोडायची कशाला?

ही सुखाची जागा म्हणजे दोन्ही डाकोटा, मिनेसोटा आणि कॅनडातले मॅनिटोबा, सस्कॅचवान, अल्बर्टा या पट्ट्यातली गवताळ माळरानं. हिमनद्या मागे हटल्या तेव्हा तिथे उथळ खळगे राहिले, असंख्य. बर्फ वितळलं की ते पाण्याने भरतात. उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा फार मोठा हिस्सा याच खळग्यांच्या काठी जन्मतो. १९५५ पासून जवळजवळ दर वर्षी वसंतात अमेरिका आणि कॅनडाचे सरकारी वैमानिक छोट्या विमानांतून अगदी खालून उडत तिथली बदकं आणि पाण्याने भरलेले खळगे मोजतात. शिकारीचा हंगाम किती दिवसांचा आणि माणशी किती पक्षी, हे ठरवताना त्या मोजणीचा आधार घेतात.

आता तिथून त्यांना हलवतं काय? एका रात्रीच्या कडाक्याने काही होत नाही. मॅलार्ड दणकट पक्षी आहे. थवा पोहत राहून बर्फात पाण्याचं एक भोक उघडं ठेवतो आणि दिवसातून दोनदा कापणी झालेल्या मक्याच्या शेतात जाऊन सांडलेले दाणे खातो. थंडी सलग पडली, तळी पूर्ण गोठली, आणि वर शेतातले दाणे बर्फाखाली गेले, की मग त्याचा नाइलाज होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिसुरीतल्याच बदकांच्या नोंदी घेऊन हे तपासलं होतं. सरासरी तापमान, सलग किती दिवस ते शून्याखाली राहिलं, जमिनीवर किती बर्फ आहे आणि ते किती दिवस टिकलं, हे सगळं एकत्र धरलं की मॅलार्ड कधी सरकणार याचा चांगला अंदाज येतो. आमच्या शेजाऱ्यांनी तो अभ्यास वाचलेला नाही. पण "बिस्मार्कला थंडी आहे, बर्फ नाही, अजून येत नाहीत" हे त्यांचं वाक्य मी किती तरी वेळा ऐकलंय.

शेवटचा धक्का वारा देतो. थंड हवेची लाट पुढे सरकली की तिच्या पाठीमागे आकाश निवळतं आणि वायव्येचा वारा सुटतो. सूर्य मावळता मावळता थवे उठतात आणि रात्रभर उडतात. शेपटीकडून जोराचा वारा मिळाला तर एका रात्रीत हजारएक किलोमीटर सहज पार पडतात, म्हणजे बिस्मार्कहून थेट तुमच्या कॅन्सस सिटीपर्यंत. हवामानाच्या रडारवर हे उठणं दिसतं. पावसाचा थेंब नसताना संध्याकाळी पडद्यावर ठिपक्यांचे गोळे फुगायला लागतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं बर्डकास्ट नावाचं संकेतस्थळ याच रडारवरून रोज रात्री किती पक्षी आकाशात आहेत त्याचा अंदाज देतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ते चालू असतं, जरूर बघा.

या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तर काय होतं, ते नोव्हेंबर १९९५ च्या पहिल्या आठवड्यात दिसलं. माळरानांवर पाण्याची वर्षं चांगली गेली होती, पिल्लं भरपूर झाली होती आणि शरद बराच उबदार होता. मग कॅनडात आणि डाकोटात एकदम वादळ आलं आणि सगळा थांबलेला लोंढा एकाच वेळी निघाला. ओमाहा आणि कॅन्सस सिटीच्या विमानतळांवर रडार पक्ष्यांनीच भरून गेले आणि विमानं थांबवावी लागली. इथले म्हातारे शिकारी अजून त्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा आवाज बदलतो त्यांचा.

पण असं क्वचित. जास्त वेळा होतं ते उलट. नोव्हेंबर उबदार जातो, उत्तरेतली तळी उघडीच राहतात, आणि इथला साठ दिवसांचा हंगाम एकेक दिवस करून संपत जातो. जी थोडी बदकं ऑक्टोबरात आली ती शहाणी झालेली असतात. गोळीबार कुठे होतो, कुठे होत नाही हे ती शिकतात, दिवसभर संरक्षित पाण्यात बसून राहतात आणि अंधार पडल्यावर चरायला जातात. शिकारी आमिष म्हणून पाण्यावर मांडतात त्या नकली बदकांकडे ढुंकून बघत नाहीत. तुमचा सहकारी म्हणूनच म्हणतो की नवे पक्षी येऊ दे.

इथलं पाणी हाही भाग आहेच. मॅलार्ड बुडी मारून खात नाही, डोकं खाली आणि शेपूट वर करून चरतो, म्हणून त्याला गुडघ्याखालचं पाणी लागतं. आमच्याजवळच्या ईगल ब्लफ्स पाणथळीत उन्हाळ्यात पाणी उतरवतात, ओल्या मातीत बियांचं रानगवत वाढू देतात आणि शरदात पुन्हा पाणी सोडतात. त्यातलं बरंचसं पाणी कोलंबिया शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी आहे! उन्हाळ्यात मिसुरी नदीला पूर आला की ते रानगवत कुजतं, आणि मग कितीही थंडी पडली तरी पक्षी तिथे फार दिवस टिकत नाहीत.

या सरकारी पाणथळींवर जागा चिठ्ठीने मिळते. पहाटे अंधारात कार्यालयाबाहेर गाड्यांची रांग लागते. आत चिखलाचे बूट, थर्मासमधली कॉफी, थरथरणारे लॅब्रॅडोर, आणि प्रत्येकाचं लक्ष नंबराकडे. लहान नंबर आला तर आवडती जागा आधी निवडता येते. मग गुडघाभर पाण्यातून नकली बदकं मांडायची, गवतात लपून बसायचं, आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधीची वेळ होईपर्यंत गप्प राहायचं. त्याआधी बार काढणं गुन्हा आहे. उजाडताना पहिला थवा वरून दोन घिरट्या घालतो, मग पंखांची ओंजळ करून पाय पुढे काढतो. ते केशरी पाय पाण्याला लागायच्या आत वीसएक पावलांवर दिसतात. हे बघायला मी जातो.

जावं का, याचं माझं उत्तर: एकदा जा. मलाही सुरुवातीला अवघड वाटलं होतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, आणि तेच योग्य आहे. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात दगडावर कोरून ठेवलंय की १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. इथे माणशी दिवसाला सहा बदकं, त्यात मॅलार्ड चार, त्यातही माद्या फक्त दोन. बदकांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण चिखलात पडलेले छरे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला २५ डॉलरचं 'डक स्टॅम्प' घ्यावं लागतं. १९३४ पासून चाललेल्या या तिकिटाच्या पैशातून पाणथळी विकत घेऊन राखतात. मी शिकार करत नसूनही दर वर्षी घेतो. तुम्हीही एका अर्थी वाटा उचलताच आहात: मिसुरीच्या मतदारांनी १९७६ मध्ये निसर्गरक्षणासाठी विक्रीकर मंजूर केला, शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेबारा सेंट.

बंदुकीला मात्र हात लावण्याआधी वकिलाला विचारा. कामाच्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण ऐकीव माहितीवर जाऊ नका. नुसतं बघायला जाणं सगळ्यात सोपं.

आणि कपड्यांबाबत सहकारी सांगेल ते ऐका. ११ नोव्हेंबर १९४० ला मिनेसोटात सकाळ इतकी सौम्य होती की शिकारी साध्या जाकिटांवर मिसिसिपी नदीतल्या बेटांवर गेले. दुपारी वादळ आलं. त्याच्या पुढे पळणारी बदकं झुंडीने उतरत होती, म्हणून बरेच जण वेळेत परतले नाहीत. पारा झपाट्याने कोसळला, लाटांमुळे होड्या निघेनात. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास बदकांचे शिकारी. पक्षी ज्या हवेची वाट बघायला लावतात तीच हवा माणसाला मारते. पाण्यात घालायच्या रबरी विजारीवर कमरेला पट्टा घट्ट बांधा, नाहीतर पाय घसरला की आत पाणी भरतं. कोरडे कपडे गाडीत ठेवा.

गोळीबार बघवणारच नाही असं वाटत असेल तर नोव्हेंबरअखेरीस तासा-दीड तासावरच्या लोएस ब्लफ्स अभयारण्यात जा. गाडीतूनच फिरता येतं, पांढरे हिमहंस लाखांनी असतात. निघण्याआधी बिस्मार्कचं हवामान बघा.