नवखेपण वयावर ठरते की विजयांवर?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही घोड्याचे दात पाहून वय ठरवतो आणि त्यावरून जनावर कोवळे की तयार, हे सांगतो. इंग्लंडमधील अडथळ्यांच्या शर्यतींविषयी वाचताना मात्र 2015 साली चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकणारा कोनीग्री आठ वर्षांचा असूनही ‘नॉव्हिस’ होता असे कळले. आधी जिंकलेला, वयाने पक्का घोडा नवखा कसा? – एक वाचक, शहादा

उत्तर : तेथील नवखेपणाचा वयाशी संबंध नाही. चालू हंगाम सुरू होण्यापूर्वी घोड्याने त्या प्रकारची शर्यत जिंकली होती का, एवढेच पाहिले जाते. प्रकार दोन आहेत : किमान साडेतीन फूट उंचीच्या, धक्का लागल्यास झुकणाऱ्या हर्डलवरच्या शर्यती आणि किमान साडेचार फूट उंचीच्या भक्कम कुंपणांवरच्या, म्हणजे चेस प्रकारच्या शर्यती. दोन्हींचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो; सपाट मैदानावरचे विजय तर यात धरलेच जात नाहीत. त्यामुळे 2016 मध्ये चेल्टनहॅमला नवख्यांची सुप्रीम हर्डल जिंकलेला ऑल्टिऑर पुढच्या हंगामात कुंपणांकडे वळला तेव्हा पुन्हा नवखाच ठरला आणि 2017 मध्ये त्याने नवख्यांची आर्कल चेसही जिंकली. कोनीग्रीनेही आधी हर्डल जिंकल्या होत्या. पण गोल्ड कप ही त्याची कुंपणांवरची केवळ चौथी शर्यत होती, आणि आधीचे चेस-विजय त्याच हंगामातले होते.

हंगामात पहिला विजय मिळाला म्हणून हा दर्जा लगेच जात नाही. तो साधारण एप्रिलअखेर, हंगाम संपेपर्यंत टिकतो. मात्र जिंकलेल्या घोड्याला नवख्यांच्या पुढील शर्यतींत बहुधा जादा वजन वाहावे लागते, आणि ते न्याय्यच म्हटले पाहिजे. खरी मेख हंगामाच्या शेवटी आहे. फेब्रुवारीत एखादी किरकोळ शर्यत जिंकणारा घोडा पुढच्या हंगामात नवख्यांच्या शर्यतींना मुकतो आणि मुरलेल्या घोड्यांसमोर उभा राहतो; म्हणूनच होतकरू घोड्याला त्या हंगामात कुंपणांवर उतरवायचेच नाही, असा निर्णय प्रशिक्षक पुष्कळदा घेतात. हंगामाच्या अगदी अखेरच्या आठवड्यांत पहिला विजय मिळाल्यास नव्या हंगामाच्या सुरुवातीच्या काळापुरती सवलत असते. ती नसती तर त्या आठवड्यांत घोडे मनापासून पळवलेच गेले नसते, अशी शंका घ्यायला जागा आहे.

वयाचे बंधन असलेल्या शर्यती वेगळ्या आहेत. चेल्टनहॅमची ट्रायम्फ हर्डल केवळ चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. उलट, नवख्या घोड्याला खुल्या शर्यतीत उतरण्याची मनाई नाही. मोठ्या शर्यतीत अनुभवी घोड्यांपुढे त्याचा सहसा टिकाव लागत नाही, एवढेच. कोनीग्रीच्या आधी नवख्या घोड्याने गोल्ड कप जिंकला होता तो 1974 मध्ये, आणि तो घोडा होता कॅप्टन क्रिस्टी.